रतामाच्या झुडपाखालची भाकर

शास्त्रवाचन : १ राजे, अध्याय १९



बंगळुरू शहरात होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था आहे. 'निम्हान्स' या नावाने ती देशभर परिचित आहे. १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि शहरातील जुने मनोरुग्णालय यांचे १९७४ साली एकत्रीकरण होऊन ती आजच्या स्वरूपात उभी राहिली. या संस्थेत मानवी मेंदूचे एक संग्रहालय आहे. तेथे सर्वसामान्य अभ्यागतालाही खरा मानवी मेंदू हातात घेऊन पाहता येतो.

मीही तो हातात घेतला होता. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. ते शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के भरते, परंतु आपण घेतो त्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा या एकट्या अवयवाला लागतो. त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी असतात. तो मऊ, सुरकुतलेला गोळा ओंजळीत धरताना मनात आले, कोणाच्या तरी बालपणीच्या आठवणी, आईचा चेहरा, पाठ केलेली स्तोत्रे, कोणावर धरलेला राग आणि केलेली क्षमा, हे सारे एके काळी येथेच वसत होते. स्तोत्रकर्त्याने आपल्या घडणीबद्दल १३९ व्या स्तोत्रात देवाचे आभार मानले आहेत, त्याचा अर्थ त्या दिवशी मला नव्याने उमगला.

त्याच संध्याकाळी शहरातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनेसाठी गेलो. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली काही कुटुंबे महिन्यातून एकदा अशी एकत्र जमतात. त्या घरच्या आजी एके काळी शब्बाथशाळेत मुलांना शिकवीत असत. आता त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले आहे. शेजारी बसलेल्या मुलाला त्या दोनदा म्हणाल्या, "आपण कोण? आमच्या घरी कधी आलात?" उपासना संपल्यावर तो मुलगा मला दाराबाहेर घेऊन गेला. त्याची नोकरी संगणक क्षेत्रातली, कामाच्या वेळा परदेशी ग्राहकांच्या सोयीच्या. तो म्हणाला, "पाळकसाहेब, आईच्या बाबतीत आमचं काय चुकलं? आणि माझंही पुढे असंच होणार का?"

त्या वेळी मी प्रार्थना करून त्याचा निरोप घेतला. खरे सांगायचे तर त्याच्या दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसरा प्रश्न तर माझ्याही जिवाशी येऊन भिडला होता.

कारण तोपर्यंत मीच अनेक वर्षे रात्री चार-साडेचार तास झोपत असे आणि त्याचा मला छुपा अभिमान होता. प्रभूच्या सेवकाला विसावा कसला, असे मी व्यासपीठावरून म्हणतही असे. जेवण मिळेल तेव्हा, फिरणे फक्त वाहनाने, रक्तदाब कधी तपासला हे आठवत नसे. एका रविवारी मंडळीपुढे प्रभूची प्रार्थना म्हणताना मी मध्येच थांबलो. पुढचे शब्द काही केल्या आठवेनात. मंडळीने प्रार्थना पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो धोक्याच्या पातळीला पोहोचला होता. त्यांनी औषध लिहून दिले आणि शांतपणे विचारले, "आपण शेवटचे पोटभर केव्हा झोपलात?"

प्रियजनहो, त्या प्रश्नाने मला एलीयाच्या झुडपाखाली नेऊन बसविले.

कर्मेल डोंगरावर एलीयाला केवढा मोठा विजय मिळाला होता! परंतु ईजबेलीची धमकी येताच तो जीव घेऊन पळाला. आपल्या सेवकाला त्याने बैर-शेबा येथे ठेवले आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला. रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. आता देवाने काय केले ते पाहा. देवाने त्याला फटकारले नाही, त्याच्या अल्पविश्वासावर प्रवचनही दिले नाही. त्याला झोप लागू दिली. मग देवदूताने त्याला स्पर्श करून जागे केले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा तसेच झाले. त्यानंतर तो चालला, त्यानंतर त्याला शांततेत देवाची वाणी ऐकू आली आणि शेवटी त्याला एक सोबती मिळाला.

झोप, अन्न, चालणे, शांतता, सोबत. आज मेंदूचे अभ्यासक ज्या सवयी सांगतात, त्या या एका अध्यायात देवाने आपल्या थकलेल्या सेवकासाठी स्वतः मांडून ठेवल्या आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली गोष्ट झोप. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून असे नोंदविले की झोपेत मेंदूतील पेशींमधील जागा विस्तारते आणि दिवसभरात साचलेली टाकाऊ द्रव्ये अधिक वेगाने वाहून जातात. त्याच्या तपशिलाविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु दिवसा शिकलेले मनात पक्के बसण्यासाठी झोप लागते आणि प्रौढ माणसाला रोज किमान सात तास तरी ती मिळावी, याविषयी वैद्यकीय जगतात मोठे एकमत आहे. स्तोत्र १२७ मध्येही सांगितले आहे की पहाटेपासून रात्रीपर्यंत कष्टाची भाकर खाण्यात अर्थ नाही, कारण आपल्या प्रियजनांना देणारा देव आहे. दिवा मालवून अंथरुणावर पडणे हीदेखील विश्वासाची कृती आहे. माझ्याविना जग रात्रभर चालेल, ते चालविणारा जागा आहे, अशी ती कबुली असते. रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना हे ऐकून खिन्न वाटेल. त्यांनी निदान झोपेची वेळ ठरावीक ठेवावी, खोलीत अंधार करावा आणि घरच्यांनी ती झोप उपासनेइतक्याच आदराने जपावी.

दुसरी गोष्ट अन्न. देवदूताने एलीयापुढे पक्वान्ने मांडली नव्हती. साधी भाकर आणि पाणी होते. बंगळुरूच्या परिसरात रागी, म्हणजे आपली नाचणी, पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे अन्न आहे. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळ, उसळ आहे. परंतु आपल्या पानात आता मीठ, साखर आणि तळण वाढले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. आपले लोणचे, पापड आणि फरसाण यांतच ते संपते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या चौदा टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान आणि अतिमद्यपान ही सारी त्या यादीत आहेत. या चौदाही कारणांचे निवारण झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. तेव्हा वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घेणे यात अविश्वास नाही. कारभाऱ्याने धन्याचा हिशेब पाहावा तसेच ते आहे.

तिसरी गोष्ट चालणे. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेबाला पोहोचला. एवढे चालणे आपल्या वाट्याला नको, परंतु आठवड्यात दीडशे मिनिटे जलद पावलांनी चालणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वृद्धांपैकी काहींना वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालविण्यात आले. आठवणींशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूचा भाग वर्षअखेरीस सुमारे दोन टक्के वाढलेला आढळला. बंगळुरूला हैदर अलीच्या काळात पाया घातलेली लालबाग आहे, कब्बन पार्क आहे. भल्या पहाटे तेथे ज्येष्ठ नागरिकांची रीघ लागते. आपल्या गावी बाग नसेल, पण रस्ता आहे. चालताना एक सवय लावून पाहा. ज्या ज्या घरावरून जाल, त्या घरासाठी मनातल्या मनात एक वाक्य प्रार्थना करा. पाय चालतील आणि शेजाऱ्यांची नावेही स्मरणात राहतील.

चौथी गोष्ट शांतता. होरेबावर प्रचंड वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी प्रकटला. परंतु परमेश्वर त्यांत नव्हता. त्यानंतर आली ती मंद, शांत वाणी. आज आपल्या खिशात वारा, भूकंप आणि अग्नी तिन्ही एकदम असतात. मोबाईल दर काही मिनिटांनी आपले लक्ष ओढून नेतो. ज्यांना ही ओढ आवरत नाही त्यांच्यासाठी निम्हान्सने २०१४ साली स्वतंत्र सेवाकेंद्रच सुरू केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे. ज्या गोष्टीकडे आपण नीट लक्षच दिले नाही, ती पुढे आठवणार कशी? पुष्कळदा आपण विसरत नाही, आपण मुळात पाहिलेलेच नसते. म्हणून सकाळचा पहिला अर्धा तास मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या. पवित्र शास्त्राचा एक लहान उतारा सावकाश वाचा, त्यातील एक वचन वहीत हाताने लिहा आणि दिवसभर ते मनात घोळवा. आपल्या आजी-आजोबांना स्तोत्रेच्या स्तोत्रे मुखोद्गत होती. ती ठेव आपण यंत्राच्या स्वाधीन करून बसलो आहोत.

पाचवी गोष्ट सोबत. मी एकटाच उरलो आहे, अशी एलीयाची तक्रार होती. देवाने त्याला दाखवून दिले की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, आणि मग अलीशा त्याला सोबती मिळाला. एकाकीपण आणि ऐकू कमी येणे ही दोन्ही कारणे लॅन्सेटच्या त्या यादीत आहेत आणि ती एकमेकांचा हात धरून येतात. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे टाळतो, मग माणसे टाळतो. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर बसून नुसतीच मान हलविणारे आजोबा आपण पाहिले आहेत ना? त्यांना श्रवणयंत्र मिळवून देणे ही सुवार्तेची सेवाच आहे. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात नोत्र दाम संघाच्या ६७८ भगिनी सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर त्यांनी आपले मेंदूही अभ्यासासाठी दिले. त्यांपैकी एक भगिनी १०१ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या मेंदूत आजाराच्या भरपूर खुणा आढळल्या, तरी हयातीत त्यांची बुद्धी व स्मृती शाबूत होती. याची सारी कारणे सांगता येणार नाहीत. परंतु शिकवणे, वाचन, प्रार्थना आणि सहजीवन यांनी त्या भगिनींचे दिवस भरलेले होते, एवढे खरे.

येथवर एलीया सावरला. परंतु अध्याय येथे संपत नाही. देवाने त्याला एकच प्रश्न दोनदा विचारला, की तो तेथे काय करीत आहे. आणि मग त्याला कामे देऊन परत पाठविले. हझाएल, येहू आणि अलीशा यांना अभिषेक करायचा होता.

प्रियजनहो, हा प्रश्न आपल्यालाही आहे. नीट झोपलो, मोजून जेवलो, रोज चाललो, पण कशासाठी? नुसते अधिक वर्षे जगण्यासाठी? तसे असेल तर आपला मेंदू हीच आपली मूर्ती होऊन बसेल. देवाने एलीयाला विसावा दिला तो पुढच्या सेवेसाठी. हेतूने जगणे म्हणजे रोज सकाळी त्या प्रश्नाला एक लहानसे उत्तर देणे. आज मी कोणासाठी येथे आहे?

याचे एक उदाहरण आपल्याच मंडळीच्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामुळच्या रानात झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले. भटकंतीत इतर भाषा आल्या. पुढे साध्या स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणावे म्हणून त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीसदनातील शेकडो निराधार मुली-स्त्रियांचा व्याप सांभाळून हे काम त्यांनी १९२२ साली झालेल्या मृत्यूपर्यंत चालविले. बुद्धी तल्लख राहावी म्हणून त्या भाषा शिकल्या नाहीत. कोणाला तरी देवाचे वचन कळावे म्हणून शिकल्या.

येथे एका संशोधनाची आठवण होते. डॉ. सुवर्णा अल्लादी या पुढे निम्हान्समध्ये आल्या. त्यापूर्वी हैदराबादेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक आढळला. बंगळुरूतील माझ्या मराठी बांधवांना म्हणून मी विचारतो, दहा-वीस वर्षे येथे राहून आपल्या शेजारणीशी कन्नडमध्ये चार वाक्ये बोलता येतात का? परभाषेत राहणाऱ्या प्रत्येक वाचकाला हाच प्रश्न आहे. शेजाऱ्यावरील प्रीतीपोटी त्याची भाषा शिका. मेंदूचा लाभ त्यामागून येईल.

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. आईच्या बाबतीत काय चुकले? हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकाळ अभ्यास करण्याचे हाती घेतले आहे, कारण हा आजार कोणाला व का होतो याची पुष्कळशी उत्तरे अद्याप मिळायची आहेत. ज्या आयोगाने ४५ टक्के म्हटले, त्याच्याच हिशेबात उरलेला मोठा भाग वय, आनुवंशिकता आणि अज्ञात कारणांचा आहे.

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोन्ही नाकारले. म्हणून आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या सवयींचा हिशेब मांडू नका. चांगल्या सवयी म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे. त्या त्याने आधीच भाजून ठेवलेली भाकर आहेत. ती आपण कृतज्ञतेने खावी, इतकेच.

काही महिन्यांनी मी त्या घरी पुन्हा गेलो. आजींनी मला ओळखले नाही, मुलालाही नाही. परंतु आम्ही प्रभूची प्रार्थना सुरू केली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ती स्पष्ट म्हटली. मी ज्या प्रार्थनेत अडखळलो होतो, तीच! साठ-सत्तर वर्षे रोज म्हटलेले शब्द, बाकी पुष्कळ काही निघून गेल्यावरही, त्यांच्याजवळ राहिले होते. आणि उद्या ते शब्दही गेले, तरी यशया सांगतो की आई आपल्या बाळाला विसरली तरी देव विसरणार नाही. त्याने आपल्याला तळहातावर कोरून ठेवले आहे. आपले तारण आपल्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. ते त्याच्या स्मरणावर अवलंबून आहे.

त्या दिवशी निघताना मुलगा म्हणाला, "पाळकसाहेब, मी आता रोज आईचा हात धरून इमारतीच्या आवारात तीन फेऱ्या मारतो. ती मला ओळखत नाही, पण हात सोडत नाही."

वाचकहो, सर्व काही एकदम करू पाहू नका. लंडन येथील एका अभ्यासात ९६ व्यक्तींनी एकेक साधी सवय अंगी बाणविण्याचा प्रयत्न केला. ती सहज होण्यास बहुधा दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला. कोणाला तीन आठवड्यांहून कमी, कोणाला कित्येक महिने. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा या आठवड्यात एकच निवडा. वेळेवर दिवा मालवा, किंवा रक्तदाब तपासून घ्या, किंवा एकट्या राहणाऱ्या कोणाच्या तरी दारी जा. चुकलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा. देवदूतही एलीयाकडे दोनदा आला होता.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गीय पित्या, आमची बुद्धी आणि आमचे दिवस तुझी ठेव आहेत. ती आम्ही निष्काळजीपणे उधळली, त्याची क्षमा कर. आम्हांला झोप दे, साधी भाकर दे, चालण्यास बळ दे, तुझी मंद वाणी ऐकण्यास निवांतपणा दे आणि एकमेकांची सोबत दे. ज्यांच्या आठवणी मावळत आहेत त्यांना तू आपल्या तळहातावर जप आणि त्यांची सेवा करणाऱ्या थकलेल्या हातांना विसावा दे. तू आम्हांला येथे कशासाठी ठेवले आहेस, ते रोज सकाळी आम्हांला दाखीव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.